टेम्पो कोणाचा

पाड्यावरून, पोस्ट किन्हवली, ता. शहापूर
१२ नोव्हेंबर २०२५

कमळू,

तुझ्या बहिणीचा नवरा गणू हे पत्र लिहितो आहे. तुझ्या पोराने, प्रणयने, तुमच्या फोनवर माझा नंबर बंद करून ठेवला आहे, म्हणून कागद घेतला. मागच्या वेळी फोनवर मी आवाज चढवला हे कबूल. तूही चढवलास. शिवाय फोनवर बोललेलं तू नंतर नाकारतोस. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर वाकडं आहे, तरी वाचता येईल असं लिहितो.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाच्या याद्या लागल्या. एक ज्यांना घर मिळणार त्यांची, दुसरी ज्यांना मिळणार नाही त्यांची. पहिली यादी मी तीन वेळा वाचली. चष्म्याची काडी तुटली आहे, वाटलं नजरेतून सुटलं असेल. मग आमच्या पोराने, सुनिलने दुसऱ्या यादीवर बोट ठेवलं. माझं नाव आणि पुढे कारण: तीनचाकी मालवाहू वाहन आहे.

तू विसरलो म्हणशील, म्हणून सगळं लिहितो. २४ फेब्रुवारीला सारिकाच्या माहेरचे आमचं घर बघायला येणार होते. हल्ली मुलीवाले आधी घर बघतात, मग मुलगा. सुनिल एकतीसचा झाला होता. चार ठिकाणांहून नकार आला होता, भात पिकतं पण धंदा नाही म्हणून. तेव्हा तूच म्हणालास, दाजी, आमचा टेम्पो दोन दिवस तुमच्या अंगणात उभा करा, पोराचा धंदा आहे असं दिसेल. मी मागितला नव्हता. तुझी बहीण रखमी साक्षीला होती.

नेमका त्याच दिवशी घरकुलाचा सर्वे करणारा पोरगा मोबाईल घेऊन आला. पाहुणे ओट्यावर चहा पीत होते. त्याने घराचा फोटो काढला, त्यात टेम्पो आला. त्याने विचारलं, बाबा, टेम्पो तुमचाच का. पाहुण्यांच्या तोंडावर मी काय सांगणार होतो? हो म्हणालो. वर हेही म्हणालो की रोज भाड्याला जातो.

आता घराची हालत ऐक. मागची कुडाची भिंत ऑगस्टमध्ये बसली. तिथे निळं प्लास्टिक बांधलं आहे. सारिकाला पाचवा महिना आहे. मार्च-एप्रिलमध्ये मूल होईल आणि जूनमध्ये त्या प्लास्टिकमागे झोपेल. मला रात्री झोप नाही. गोळी घेतो तरी नाही.

तेव्हा एका कागदावर लिही की तो टेम्पो माझा, कमळूचा आहे, दाजींचा नाही. खाली सही कर. तो कागद मी ग्रामसेवकाला गुपचूप देईन. सारिकाला कळता कामा नये. टेम्पो आपला होता, लग्नाच्या खर्चाला विकला, असं तिला मीच सांगितलं आहे.

कागद आठ दिवसांत पाठव.

गणू

◆

टोकावड्याच्या पुढून, ता. मुरबाड
२४ नोव्हेंबर २०२५

दाजींना कमळूचा नमस्कार.

पत्र पोचलं. आठ दिवस उलटून गेले, कारण भेंडीची तोडणी चालू आहे आणि तुमच्यासारखा मला भिंतीवरच्या याद्या वाचत बसायला वेळ नाही.

गाडीबद्दल मी कागदावर एक अक्षर लिहिणार नाही. गाडीचे कागद अजून भिवंडीच्या आधीच्या मालकाच्या नावावर आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. सरकारला गाडी कोणाची हे सांगणारे तुम्ही. तुमच्या तोंडून गेलं, आता माझ्या सहीने परत येणार का?

आणि दाजी, अन्याय झाला म्हणून तुम्ही रडता, ते आम्हाला सांगू नका. रखमीताईच्या खात्यात दर महिन्याला सरकारचे पैसे येतात, तेव्हा तुम्हाला न्यायअन्याय आठवला नाही. रेशनवर फुकट तांदूळ घेता आणि घरचा चांगला तांदूळ शहापूरला विकता, तेव्हाही नाही. रस्त्यात ज्यांची जमीन जाऊन पैसे मिळाले त्यांना तुम्ही नशीबवान म्हणता, आणि तुमची गेली नाही यालाही अन्याय म्हणता. तुमच्या मते न्याय म्हणजे तुमच्या ताटात पडेल ते.

सुनिलला सांगा, नवीन अर्ज भर. पुढच्या यादीत येईल. आम्हालाही असंच सांगतात, आम्ही ऐकून घेतो.

ताईला चार दिवस पाठवा. शीतल नणंदेची आठवण काढते.

कमळू

◆

पोस्ट किन्हवली
९ डिसेंबर २०२५

कमळू,

रखमी तुझ्याकडे चार दिवस राहून आली. तिने तोंड उघडलं नाही, तुझीच बहीण ती. पण भाकरी थापता थापता बोलून गेली की शीतलने नव्या घरात चूल पूर्वेला मांडायची ठरवली आहे. मी विचारलं, कोणतं नवं घर? मग ती तवा उतरवून पाण्याला निघून गेली.

म्हणून परवा मी स्वतः आलो. सकाळची गाडी धरली, मुरबाडला बदलली, तुमच्या फाट्यावर उतरलो. तुझ्या दारावरून गेलो. तुझी धाकटी कुणाली अंगणात खेळत होती, तिने ओळखलं, मी तोंड फिरवलं. सहा वर्षांच्या पोरीपासून तोंड लपवायची पाळी तू माझ्यावर आणलीस. तुझ्या घरचं पाणीही प्यायलो नाही. तुमच्या ग्रामपंचायतीची यादी वाचली. मिळणाऱ्यांच्या यादीत एकोणिसावं नाव तुझं.

तुमच्याकडचा सर्वे कधी झाला, हे बाहेर बसलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, शिवरात्रीच्या आधी, चोवीस तारखेला. कमळू, चोवीस तारखेला तुझा टेम्पो माझ्या अंगणात होता. म्हणून तुझं अंगण फोटोत रिकामं आलं.

आता मला सगळं कळलं. तू मला कधी कोयता उसना दिला नाहीस. मागच्या वर्षी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला दोन भारे पाला मागितला तर म्हणालास, आमचाच कमी आहे. तोच तू आपणहून टेम्पो देतोस, डिझेल भरून देतोस, प्रणयला सोबत पाठवतोस आणि म्हणतोस, दोन दिवस काय, तीन दिवस ठेवा. मी गाढव. मला वाटलं भाच्यासाठी करतोय.

मी एक विचारतो. मतं मागायला येतात ते पाच वर्षांतून एकदा फसवतात. आपल्या तालुक्यात एवढी धरणं, पाणी मुंबईला जातं आणि मार्चपासून आपल्या बाया टँकरची वाट बघतात. तेही सहन करतो, कारण ती परकी माणसं, त्यांना आपलं काय. तू तर लग्नात सुनिलच्या पाठीशी उभा होतास, मामा म्हणून. तुझ्यापेक्षा ते पुढारी बरे. ते निदान माझ्या घरी जेवत नाहीत.

लेखी कळव. तुला सर्वेची तारीख आधी माहीत होती की नव्हती? हो किंवा नाही.

गणू

◆

ता. मुरबाड
१९ डिसेंबर २०२५

दाजी,

चोरासारखे आमच्या गावात येऊन आमचीच चौकशी करून गेलात. फाट्यावरच्या चहावाल्यापासून सगळ्यांना कळलं. लोक विचारतात, दाजी आले होते म्हणे, घरी नाही आले? मी काय सांगू? कुणाली दोन दिवस विचारते, आतोबा माझ्याशी का नाय बोलले.

तुम्हाला हो किंवा नाही पाहिजे. घ्या. हो. मला माहीत होतं. प्रणयला चार दिवस आधीच मोबाईलवर कोणीतरी कळवलं. मग? मी काय लखपती होतो आणि गरिबाचं सोंग केलं? तो टेम्पो दहा वर्षांचा, दर महिन्याला एक भाग बदलावा लागतो. त्यावर पाच माणसं खातात. सरकार म्हणतं तीन चाकं असली की तुम्ही श्रीमंत. आमच्याच गावात दोन मजली घरवाला आहे, बायकोचं रेशनकार्ड वेगळं, आईचं वेगळं, आणि तिघांची नावं यादीत. मी टेम्पो दोन दिवस बाजूला ठेवला तर मीच चोर?

आणि तुम्ही कोण साधू? तुम्ही माझा टेम्पो जास्त दाखवायला नेलात, मी कमी दाखवायला दिला. एकाच दिवशी एकाच टेम्पोने दोन घरं खोटी केली. फरक एवढाच, माझं खोटं सरकारशी होतं. तुमचं एका मुलीच्या बापाशी होतं. सांगा, कोणतं वाईट.

माझा टेम्पो तुमच्या अंगणात उभा होता म्हणून तुम्हाला सून मिळाली. नाहीतर सुनिल आजही एकटा भाकरी खात बसला असता. हे आयुष्यभर लक्षात ठेवा.

आमच्या छपराची कौलं निम्मी फुटली आहेत. वांदरांनी फोडली. आम्हीही पावसात भांडी मांडून झोपतो. तुम्ही कधी विचारलंत?

कमळू

◆

पोस्ट किन्हवली
२७ डिसेंबर २०२५

कमळू,

तुझं पत्र मिळालं. त्यात तू तुझ्या हाताने लिहिलं आहेस: माझा टेम्पो तुमच्या अंगणात उभा होता. खाली तुझं नाव आहे, वर तारीख आहे. मला हवा होता तो कागद तू रागाच्या भरात पाठवलास. दीड महिना मागत होतो तेव्हा दिला नाहीस.

ग्रामसेवकाकडे जाऊन आलो. तो म्हणाला, गुपचूप काही होणार नाही. सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर ग्रामसभा आहे, तिथे सगळ्यांसमोर उभं राहून सांगा आणि पुरावा दाखवा.

मी सांगणार आहे. सारिकाला कळलं तरी चालेल. तिला दोन दिवस राग येईल, पण पोराच्या डोक्यावर पत्रा तरी येईल. तुझं तू बघ.

गणू

◆

ता. मुरबाड
८ जानेवारी २०२६

दाजी,

प्रणय मला बोलला नाही असा दिवस जात नाही. म्हणतो, बाबा, तुम्हाला लिहायची काय गरज होती. तो यायला निघाला होता, तुमच्याकडून ते पत्र घ्यायला. मी थांबवला. तुमच्या अंगणात मामाच्या पोराने आतेभावाशी मारामारी केली असती, ते लोकांनी बघितलं असतं.

मी विनंती करणार नाही. तुम्हाला विनंती केली की तुम्ही चढता, हे लहानपणापासून बघतो आहे. ताईच्या लग्नात नारळावरून तुम्ही आमच्या बापाला दोन तास उभं केलं होतं.

फक्त एवढं कळवतो. जोत्याचे दगड आणून ठेवले आहेत. तुम्ही ते पत्र वाचून दाखवलंत तर ते दगड तिथेच राहतील. तुमचं घर होईल की नाही ते सरकार ठरवेल. माझं होणार नाही हे तुम्ही ठरवाल. मग पुन्हा ताईला माहेर म्हणून इकडे पाठवू नका.

कमळू

◆

पोस्ट किन्हवली
३० जानेवारी २०२६

कमळू,

तू वाट बघत असशील म्हणून लिहितो. वाट बघायला लावायची माझी इच्छा होती, पण रखमी दोन दिवस जेवली नाही.

सव्वीसला शाळेच्या पडवीत ग्रामसभा झाली. झेंडा झाला, पोरांना खाऊ वाटला, मग याद्या काढल्या. माझ्या सदऱ्याच्या खिशात तुझं पत्र होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. सकाळपासून दहा वेळा हात लावून बघितलं, आहे का म्हणून. बाया एका बाजूला चटईवर बसल्या होत्या. सारिका पोट सांभाळत भिंतीला टेकून बसली होती. तिने येऊ नये म्हणून मी घरी तीन वेळा सांगितलं होतं, थंडी आहे, जमिनीवर बसू नकोस. ती आलीच. शेजारी रखमी, माझ्याकडे न बघता.

माझ्या आधी चौघांच्या हरकती झाल्या. एकाचं नाव लगेच आत घेतलं, तो कोणाचा चुलता हे सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही, कारण माझी पाळी यायची होती. हे तुला सांगतो कारण तू मला साधू म्हणून हिणवलं होतंस. मी साधू नाही. माझी पाळी होती म्हणून गप्प बसलो.

मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. पाड्यावरचा वाल्मिक मागून बोलला, "या, टेम्पोवाले शेठ." सगळे हसले. सारिकाही हसली. मी ते पाहिलं.

ग्रामसेवकाने विचारलं, टेम्पो तुमचा नाही असं तुमचं म्हणणं का. मी मान हलवली. मग तो म्हणाला, "नाय तर कोणाचा? नाव सांगा, गाव सांगा. तालुका दुसरा असला तरी आमाला तिकडं कळवावं लागतं."

कमळू, मला वाटलं होतं तो फक्त विचारेल आणि पत्र वाचून ठेवून देईल. तू लिहिलं होतंस तरी तिकडं खरंच कळवतील असं मला वाटलं नव्हतं. मला तुझं दगडाचं वाक्य आठवलं, आणि त्याचा रागही आला. तू मुद्दाम तसं लिहिलं होतंस. खिशात हात गेला. आणि सारिका माझ्याकडे बघत होती, पोराने बापाकडे बघावं तशी, आता हा काय सांगतो म्हणून.

मी म्हणालो, "माझाच होता. विकला."

त्याने विचारलं, विक्रीचा कागद? मी म्हणालो, नाय. त्याने काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. दोन महिने मी झोपलो नाही, त्याला अर्धं मिनिट लागलं नाही.

तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. तुझ्यासाठी मी तोंड उघडलं नाही आणि तुझ्यासाठी बंदही केलं नाही. सुनेसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून बोललो. मला एवढीच अब्रू आहे.

आता पुढचं ऐक. हे लिहायची माझी इच्छा नव्हती, पण तू कुठून तरी ऐकशील आणि हसशील, त्यापेक्षा मीच लिहितो.

दुपारी घरी आलो. ओट्यावर बसलो. सारिका पाणी घेऊन आली आणि तिथेच बसली. म्हणाली, "बाबा, तुमी खोटं कशाला बोललात? तो टेम्पो मामांचा हाय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय."

मी म्हणालो, कोण बोललं? ती म्हणाली, सुनिलच.

त्या दिवशी आम्ही त्या दोघांना बोलायला म्हणून घरामागे पेंढ्याच्या उडवीजवळ पाठवलं होतं. तिथे आपल्या सुनिलने तिला पहिलंच वाक्य सांगितलं की टेम्पो मामाचा आहे, उद्या परत जाईल, घर हे असंच आहे, आणि मी दारू पीत नाही. ती म्हणाली, "चार पोरं बघितली. तिघांनी मोठं मोठं सांगितलं. ह्यानं खरं सांगितलं म्हणून मी हो बोलले."

घरी जाताना वाटेतच तिने बापाला सांगितलं. तो म्हणे हसला. मी ओट्यावर टेम्पोच्या भाड्याचे दर सांगत होतो, किन्हवली ते शहापूर एवढे, कसाऱ्यापर्यंत एवढे, तेव्हा त्याला संशय आलाच होता. लग्नात, गणपतीला, दिवाळीला तो माणूस माझ्यासमोर बसतो, जेवतो, आणि टेम्पोचं नाव काढत नाही. मी सगळा वेळ त्याच्यापासून लपवत होतो आणि तो माझ्यापासून लपवत होता की त्याला माहीत आहे.

मी सारिकाला विचारलं, मग आज सभेत का बोलली नाहीस? तू बोलली असतीस तर घर मिळालं असतं. ती म्हणाली, "तुमी उभे होता ना. तुमी बोलाल असं वाटलं." मग म्हणाली, "आणि मामांच्या कुणालीचं पण घर हाय." भांडं घेऊन ती आत गेली. मी तिला ओरडणार होतो, पण तिला सातवा महिना आहे.

सुनिलला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तुमी किती खूश होता टेम्पोच्या बाजूला उभं राहून.

आता तू सांग, यात न्याय कुठे आहे? तू खोटं केलंस, तुला घर. मी खोटं केलं, मला प्लास्टिक. सुनिलने खरं केलं, त्याला बायको मिळाली, आणि त्याच्याही वाट्याला तेच प्लास्टिक. कोणी हे बसून वाटलं असेल तर त्याला वाटता येत नाही.

मागची भिंत आम्ही आता विटांची बांधतो आहोत, एकच, जमेल तशी. सुनिल आणि त्याचा सासरा सकाळपासून लागले आहेत. सासरा विटा स्वतःच्या गावाहून घेऊन आला. कशात घालून आणल्या ते विचारू नकोस. त्याने भाड्याने टेम्पो केला होता. अंगणात उभा राहिला तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "व्याही, हा कोणाचा सांगायचा?" मी विटा उतरवायला लागलो. रखमी पदर तोंडाला लावून हसत होती, दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

तुझ्या जोत्याच्या पूजेला मी येणार नाही. रखमी येईल, तिचं माहेर आहे, त्याच्यात मी पडत नाही. कुणालीला सांग की माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती म्हणून मी बोललो नाही. प्रणयला सांग माझा नंबर चालू कर, उद्या सारिकाला दवाखान्यात न्यायचं झालं तर त्याला बोलावणार आहे. ते त्याचं कर्तव्य आहे, मेहरबानी नाही.

राहिलं तुझं पत्र. ते मी फाडलं नाही आणि परत पाठवणार नाही. तू मागितलंस तरी देणार नाही. कोणाला दाखवणार नाही, भिऊ नकोस. त्यात तू लिहिलं आहेस की तुझ्या टेम्पोमुळे मला सून मिळाली, हे आयुष्यभर लक्षात ठेवा. ते खोटं आहे, आणि तुझ्या सहीने खोटं आहे. मला ते अधूनमधून काढून वाचायचं आहे.

गणू